थोरली, धाकटी आणि भाऊजींचं यंत्र

७ जानेवारी

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

पत्र पाहून तुझी भुवई वर गेली असणार. गेल्या खेपेला फोनवर मी तीन वेळा 'काय?' म्हणालो आणि तू म्हणालीस, "बाबा रे, कागदावर लिही, नाहीतर मौन धर." म्हणून लिहितो आहे.

कारखाना सोडल्यापासून मी स्वस्थ बसलेलो नाही. घरामागची शेड झाडली, छप्पर ठाकठीक केलं आणि तिथे रंगकामाचं वर्कशॉप थाटलं आहे. ही काम करते त्या हॉस्पिटलमधल्या स्टोअरच्या बाईंशी बोलणं झालं. त्यांच्याकडे रुग्णांच्या चाकाच्या खुर्च्या पडून आहेत. सांगाडे धड आहेत, रंग तेवढा गेलेला. नमुना म्हणून बारा खुर्च्या मला देतात. फेब्रुवारीअखेर त्या पसंतीला उतरल्या तर खाटा, ट्रॉल्या, स्टँड, सगळं रंगकाम माझ्याकडे येईल. नाही उतरल्या तर अठ्ठावन्नाव्या वर्षी मला दुसरं कोण विचारणार, ते तूच सांग.

अडचण हवेची आहे. माझा जुना कॉम्प्रेसर लहान. अर्धी खुर्ची होते न होते तोच टाकीतली हवा संपते, गन रंग फवारायचं सोडून थुंकायला लागते आणि सांगाड्यावर देवीचे व्रण उठतात. म्हणून बंद पडलेल्या एका पंक्चरच्या दुकानातला मोठा कॉम्प्रेसर उचलून आणला. लहान्याची टाकी आठ किलो प्रेशरची, मोठ्याची दहाची. हिने त्यांची नावं थोरली आणि धाकटी ठेवली आहेत. या दोघींची हवा एका नळीत कशी आणायची, ते नीट लिही. तू एकतीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलंस. तुझ्याच वर्गात बसून मी नापास झालो, ही गोष्ट वेगळी.

आणखी एक. भाऊजींच्या दवाखान्यात, दातांच्या खुर्चीमागे, एक कॉम्प्रेसर असायचा. तू तो वापरत नसशील तर... बघ. राग मानू नकोस.

तुझा,
धाकटा

१४ जानेवारी

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

'थोरली' हे नाव कोणाला पाहून ठेवलं, ते मी विचारत नाही. तुझ्या बायकोला सांग, मी ओळखलं आहे.

आता लक्ष देऊन वाच. दोन यंत्रं एका नळीला जोडणं म्हणजे एका स्वयंपाकघरात दोन सुगरणी नेमणं. कोणी कधी काय करायचं हे ठरवून दिलं नाही, तर आमटी सांडणार. हवा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जाते. हे तुला नववीत कळलं नाही, आता कळून घे. थोरलीत जास्त दाब असेल तर तिची हवा गनकडे जायच्या आधी धाकटीच्या टाकीत घुसेल. तसं होऊ नये म्हणून प्रत्येकीच्या तोंडाशी एकेक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसव, म्हणजे हवा बाहेर जाईल, परत आत येणार नाही. दोघींनाही बसव. एकीलाच नव्हे.

नळी लोखंडी घे. पाण्याचा प्लॅस्टिक पाइप वापरशील तर खबरदार. पाण्याने तो नुसता चिरतो, दाबाच्या हवेने त्याचे सुरे होऊन उडतात. नळीला उतार दे आणि खालच्या टोकाला कॉक ठेव, कारण हवेबरोबर पाणीही येतं. दोघींना वेगवेगळ्या सर्किटवरून वीज दे. आणि थोरली दहा किलो पेलते म्हणून तिला दहापर्यंत पळवू नकोस. तिचा प्रेशर स्विच सातावर बंद होईल असा लाव. एकत्र चालायचं तर सर्वांत अशक्त असेल त्याच्या चालीने सगळ्यांनी चालायचं.

दवाखान्यातलं यंत्र बिघडलेलं आहे. तो विचार सोड.

'कारखाना सोडल्यापासून' असं तू लिहितोस. निवृत्तीला दोन वर्षं असताना शहाणा माणूस कारखाना का सोडतो, ते पुढच्या पत्रात येऊ दे.

तुझी,
ताई

२ फेब्रुवारी

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

झालं! दोघी जोडल्या. लोखंडी नळी भिंतीने फिरवली, उतार दिला, टोकाला कॉक लावला. पहिल्यांदा गन धरली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, आणि ते रंगाच्या वासाने नव्हे. तीन खुर्च्या झाल्या आहेत. आरशासारख्या. ही परवा एकीत बसून शेडभर फिरली आणि म्हणाली, "म्हातारपणाची सोय झाली."

नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बाजारात एकच मिळाला. तो थोरलीला लावला, मोठी म्हणून तिचा मान पहिला. दुसरा दुकानदार मागवून देणार आहे. सातावर थोरली फारच लवकर थांबत होती, म्हणून स्विचचा स्क्रू जरा पिळला. आता धाकटीच्या टाकीवरचा काटासुद्धा ऐटीत साडेनऊवर उभा असतो. या वयात तिच्यात एवढा दम असेल असं वाटलं नव्हतं! मध्यंतरी तिला फुसफुसायची खोड लागली होती. मला काही ते ऐकू आलं नाही, पण ही म्हणायची, "तुमची धाकटी सारखी कण्हते, डोकं उठतं." ती खोड मी मोडली. आता शेड शांत आहे.

दवाखान्याचं विचारलं ते चुकलंच माझं. तुला वाटलं असेल, भाऊजींना जाऊन तीन वर्षं झाली नाहीत तोच याचा त्यांच्या वस्तूंवर डोळा. तसं नव्हतं, ताई. पुन्हा विचारणार नाही.

कारखान्याचं काय लिहायचं? कंटाळा आला, सोडला.

तुझा,
धाकटा

५ फेब्रुवारी, सकाळी सात

चि. धाकट्यास,

दोन्ही यंत्रं बंद कर. आधी मेन स्विच पाड, मग पुढचं वाच.

धाकटीची टाकी आठ किलोची आहे, हे तूच पहिल्या पत्रात लिहिलं होतंस. आता तूच लिहितोस की तिचा काटा साडेनऊवर असतो. तो तिचा दम नव्हे. तिच्या तोंडाला व्हॉल्व्ह नाही, म्हणून थोरली तिच्या पोटात हवा कोंबते आहे. आठाच्या वर गेलं की धाकटीचा सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो आणि जादा हवा सोडून देतो. ते फुसफुसणं म्हणजे खोड नव्हती, गाढवा. ती ओरडत होती. तिची खोड मोडलीस म्हणजे नक्की काय केलंस? व्हॉल्व्ह काढून तिथे बोल्ट ठोकलास ना?

तसं असेल तर गेले कित्येक दिवस तू एका बॉम्बशेजारी उभा राहून खुर्च्या रंगवतो आहेस.

तुझं पत्र काल संध्याकाळी मिळालं. तुझ्या बायकोला तेव्हापासून आठ वेळा फोन केला. हॉस्पिटलच्या धुलाई विभागात फोन कपाटात ठेवावा लागतो हे मला ठाऊक आहे, पण घरी आल्यावरही तो पिशवीतच राहतो असं दिसतं. तुला फोन करण्यात अर्थ नाही. हे पत्र टपालात टाकत नाही. टपालाला दोन दिवस लागतात, बसला साडेचार तास. स्वतः घेऊन येते आहे. लिहून आणते एवढ्यासाठी, की मी ओरडले तर तुला ऐकू जाणार नाही आणि माझा फक्त चेहरा दिसेल.

ताई

१० फेब्रुवारी

ती. ताईस,

तू गेल्यापासून रोज लिहायला बसतो आणि उठतो.

मी चौथी खुर्ची रंगवत होतो. गन एकाएकी मेली. वीज गेली असं समजून वळलो तर तू स्विचखाली उभी, पिशवी अजून खांद्यावर. कागद पुढे केलास. मास्क तोंडावर तसाच ठेवून मी तो वाचला आणि तिथेच जमिनीवर बसलो. ही अजून सगळ्यांना सांगते, "यांच्या ताईंनी आधी मेन स्विच पाडला, मग नवरा पाडला आणि मग चहा मागितला."

तुझं खरं होतं. बोल्टच होता.

तू सांगून गेलीस त्याप्रमाणे प्लंबरला बोलावलं. धाकटीची टाकी काठोकाठ पाण्याने भरली आणि त्याच्या हातपंपाने दाब वाढवला. हवा नको, पाणी घे, टाकी फुटली तरी पाणी नुसतं गळतं, असं तू का म्हणालीस ते मला तेव्हा कळलं. सहा किलोलाच बुडाच्या जोडातून पाणी पाझरायला लागलं. फार नाही, घाम आल्यासारखं. प्लंबर टाकीकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. मी साडेनऊ किलो हवा भरली होती, हे त्याला सांगण्याची माझी हिंमत झाली नाही. टाकी भंगारात गेली. मोटर आणि पंप ठेवले आहेत.

आता कारखान्याचं. कंटाळा नव्हता आला. नोव्हेंबरात मागून मालगाडा येत होता, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, आणि मी रस्त्याच्या मधोमध उभा राहून रंगाचा डबा ढवळत होतो. एकाने कॉलर धरून मला ओढलं. दुसऱ्या दिवशी कानाची तपासणी झाली. डावा कान गेला आहे, उजव्यात थोडंसं उरलं आहे. त्यांनी मला घरी पाठवलं. हिला ठाऊक आहे. तुला सांगितलं नाही, कारण तुला कळलं असतं तर तू मला एकट्याने यंत्र चालवूच दिलं नसतंस.

आठ खुर्च्या अजून बाकी आहेत आणि एकट्या थोरलीवर भागत नाही. बाईंना जाऊन सांगावं म्हणतो, की दुसरा माणूस बघा. ज्याला यंत्राचं ओरडणं ऐकू येत नाही, त्याने यंत्रांच्या नादी लागू नये.

तुझा,
धाकटा

१५ फेब्रुवारी

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

बाईंकडे जायचं नाही. गेला असशील तर परत जा आणि शब्द मागे घे.

तुझ्या कानांचं मला दोन वर्षांपासून ठाऊक आहे. फोनवर मी "दूध उतू गेलं" म्हटलं की तू "वा, छान" म्हणायचास. तू आपण होऊन सांगशील म्हणून थांबले. तू लपवत बसलास, मी थांबत बसले. दोघंही आपापल्या जागी शहाणे.

आता माझं. मीही खोटं लिहिलं होतं. दवाखान्यातलं यंत्र बिघडलेलं आहे, असं तुला कळवलं. ते मी पाहिलंच नव्हतं. हे गेले त्या आठवड्यात दवाखान्याला कुलूप लावलं आणि किल्ली शिवणाच्या डब्यात टाकली. नंतर दार उघडलं नाही. एकतीस वर्षं मुलांना बजावलं, निरीक्षण केल्याशिवाय निष्कर्ष लिहाल तर शून्य मिळेल. त्या हिशेबाने मला शून्य.

तुझ्या शेडमधून परत आले त्याच्या दुसऱ्या दिवशी किल्ली काढली. कुलूप तेल घातल्यावर उघडलं. आत फार काही नव्हतं. धूळ, बंद पडलेलं घड्याळ, खुर्चीवर ह्यांनी घडी करून ठेवलेला पांढरा कोट. मी समजत होते, आत गेले की कोसळेन. कोसळले नाही. खिडक्या उघडल्या आणि झाडू घेतला. मग कोट धुवायला टाकताना रडले, पण त्याला पाच मिनिटं लागली, तीन वर्षं नव्हे.

यंत्र कपाटामागे होतं, झाकलेलं. त्याच्यावर भिंतीला ह्यांच्या हातचा एक कागद चिकटवलेला. नुसत्या आखलेल्या चौकटी, वर लिहिलेलं, 'टाकीतलं पाणी काढलं'. रोज दवाखाना बंद करताना पाणी काढून एक खूण. मधल्या एका चौकटीनंतर सगळं कोरं. ती शेवटची खूण कोणत्या दिवसाची, ते मला मोजून पाहावं लागलं नाही.

मी मेकॅनिक बोलावला. त्यानेही पाण्याने टाकी तपासली. मी शेजारी खुर्ची टाकून बसले होते, त्यामुळे त्याला टाळाटाळ करता आली नाही. बारा किलोपर्यंत एक थेंबही पाझरला नाही. रोज पाणी काढत होते म्हणून आतून गंज धरला नाही, असं तो म्हणाला. टाकी आठ किलोची आहे आणि यंत्र बिनतेलाचं, म्हणजे तुझ्या रंगात तेलाचे शिंतोडे उडणार नाहीत. ते टेम्पोने पाठवते आहे. सोबत दोन नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आहेत. एक या यंत्राला लाव, दुसरा धाकटीला नवी टाकी मिळेल तेव्हासाठी. थोरली सातावर थांबेल, स्क्रूला हात लावलास तर पुन्हा येईन. दाब सहावर उतरला की थोरली सुरू होईल आणि पाचावर उतरला तरच हे यंत्र मदतीला येईल, असे स्विच लाव.

तुझ्या कानांचाही बंदोबस्त केला आहे. खोक्यात निळ्या रेशमी फितीचं भेंडोळं आहे. प्रत्येक सेफ्टी व्हॉल्व्हच्या तोंडासमोर तारेने वीतभर फीत टांग. व्हॉल्व्ह उघडला की ती फडफडेल. तुला ओरडणं ऐकू येत नसलं तरी डोळे आहेत. सांध्यांना दर आठवड्याला साबणाचं पाणी लाव. बुडबुडा दिसला म्हणजे तिथे गळती. यंत्र सुरू झालं की दिवा लागेल, असा प्रत्येकाला एकेक जोडून घे. कानांचं काम तू इतकी वर्षं अंदाजाने करत होतास, ते आता डोळ्यांनी कर.

ह्यांचा कागदही पाठवते. कोऱ्या चौकटी बऱ्याच आहेत. रोज पाणी काढ आणि पुढच्या चौकटीत खूण कर.

तुझी,
ताई

१ मार्च

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

आधी बातमी, मग बाकीचं. काम मिळालं!

काल स्टोअरच्या बाई स्वतः आल्या. बाराही खुर्च्या उन्हात रांगेने मांडल्या होत्या. बाई तुझ्या जातकुळीच्या निघाल्या. चष्मा नाकावर ओढून प्रत्येक खुर्चीच्या खालून, जिथे कोणी बघत नाही तिथून, बोट फिरवलं. अकराव्या खुर्चीशी थांबल्या. "इथे रंग जास्त जाड आहे," म्हणाल्या. मी म्हटलं, "हो, तिथे पाय घासतात, म्हणून मुद्दाम एक हात जादा दिला." बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं आणि मग शेडमध्ये आल्या. फिती पाहून म्हणाल्या, "हे काय, सजावट?" मी सेफ्टी व्हॉल्व्हची कडी ओढून दाखवली. फीत अशी उडाली की बाई दोन पावलं मागे सरल्या. ही हसली, मग बाईही हसल्या. जाताना त्यांनी हिच्या कानात काहीतरी सांगितलं. ते असं होतं म्हणे: "ऐकू येणारे इतकी काळजी घेत नाहीत." पुढच्या आठवड्यात वीस खाटा येणार आहेत.

नवं यंत्र मागच्या भिंतीशी बसवलं आहे. ते फारसा आवाज करत नाही असं ही सांगते. मला काय, सगळी सारखीच गप्प. त्याला आम्ही भाऊजी म्हणतो. भाऊजींसारखंच आहे ते. आपण होऊन मध्ये पडत नाही, पण थोरलीची दमछाक झाली की मुकाट्याने कामाला लागतं.

रोज काम आवरल्यावर पाणी काढतो आणि खूण करतो. भाऊजींच्या खुणेशेजारी माझी फार वाकडी दिसते.

तुझा,
धाकटा

२० मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

अभिनंदन. अकराव्या खुर्चीचं उत्तर चांगलं दिलंस. निरीक्षण आणि त्यामागचं कारण, दोन्ही बरोबर. उशिरा का होईना, पास.

इथेही एक गोष्ट घडली. खिडक्या उघड्या दिसल्या म्हणून एक मुलगी आत डोकावली. दातांची डॉक्टर, नुकतीच झालेली, जागा शोधते आहे. विचारू लागली, "आजी, हा दवाखाना पुन्हा सुरू होणार का?" आजी म्हटल्याबद्दल तिला आधी समज दिली. मग उभ्या उभ्या पाऊण तास तिची परीक्षा घेतली. तिने स्वतःहून विचारलं की इथे कॉम्प्रेसर कुठे होता, आणि आपला नवा तिथेच ठेवीन म्हणाली. मी विचारलं, "टाकीतलं पाणी कधी काढशील?" ती म्हणाली, "रोज, बंद करताना." तेव्हा ठरवलं. पुढच्या महिन्यात ती येते. ह्यांचं यंत्र आता तुझं. परत पाठवायचं नाव काढू नकोस.

दातांची खुर्ची मात्र तिला हीच हवी आहे. यंत्रणा ठीक आहे, पण सांगाड्याचा रंग उडाला आहे. खुर्ची तुझ्याकडे पाठवते. ओळखीचं काम म्हणून उरकायचं नाही. मीसुद्धा खालून बोट फिरवून बघणार आहे. रंग पांढरा दे. ह्यांना तोच आवडायचा.

तुझी,
ताई

५ जुलै

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

तुझ्या डॉक्टरीणबाईंचं पत्र आलं. खुर्ची पाहून पहिल्या पेशंटने विचारलं म्हणे, "नवी घेतली का?" आणि तू शेजारून म्हणालीस, "नाही, जुनीच. नीट रंगवली आहे." हे तू मला कळवलं नाहीस. कौतुक करताना तुला टपाल महाग पडतं का?

धाकटीला नवी टाकी मिळाली. तू सांगितलेल्या रीतीने आधी पाण्याने तपासली, मगच हवा भरली, आणि तुझा राखून ठेवलेला व्हॉल्व्ह तिला लावला. आता तिघंही एका नळीवर आहेत. आठवड्यापूर्वी भाऊजींच्या यंत्रावरची फीत फडफडली. मी खाट सोडून धावलो आणि बंद केलं. त्याचा प्रेशर स्विच चिकटला होता, तासाभरात बदलला. सांगायचं असं, की मला ते दिसलं, ताई. हिने ऐकण्याच्या आधी दिसलं.

भाऊजींचा कागद आज भरला. शेवटच्या चौकटीतली माझी खूण बरीच सरळ आली आहे. कागद काचेत बसवून भिंतीला लावतो आहे. नवा आखून पाठव, तुझ्या हातचा. या खेपेला चौकटी जास्त आख.

तुझा,
धाकटा